पहिलवानाची खरी कुस्ती : कर्ट अँगल यांच्या जीवनातून व्यसनमुक्तीचा पाठ



पहिलवान म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर लाल माती, लंगोट, जोर-बैठका आणि दुधाचा मोठा तांब्या येतो. पहिलवान म्हणजे निर्व्यसनी माणूस, हे आपण गृहीतच धरतो. कराडजवळच्या गोळेश्वर गावचे खाशाबा जाधव १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये कांस्यपदक जिंकून आले. त्यांच्यासारख्या मल्लांकडे पाहूनच ही प्रतिमा आपल्या मनात पक्की झाली आहे.

म्हणून आज आपण ज्या पहिलवानाच्या जीवनाचा अभ्यास करणार आहोत, त्यांची कथा थोडी धक्का देणारी आहे. त्यांनी मोडलेल्या मानेने ऑलिम्पिकचे सुवर्णपदक जिंकले. जगातला कोणताही मल्ल त्यांना सहज चीत करू शकत नव्हता. आणि हाच माणूस पुढे बोटाच्या पेराएवढ्या गोळीपुढे हरला. नंतर तो पुन्हा उभा राहिला. कसा उभा राहिला, हे आपल्याला शिकायचे आहे.

हा पाठ फक्त व्यसनात अडकलेल्या व्यक्तीसाठी नाही. ज्यांच्या घरात असे कोणी आहे आणि ज्यांना ते बाहेर सांगता येत नाही, त्यांच्यासाठीही तो तितकाच आहे. मी स्वतः अशाच एका घरातला आहे. त्याविषयी पुढे सांगेनच. आधी कर्ट अँगल यांची ओळख करून घेऊ.

वडिलांचे छत्र हरपले

कर्ट यांचा जन्म ९ डिसेंबर १९६८ रोजी अमेरिकेतील पिट्सबर्ग शहरात झाला. चार मोठे भाऊ, एक बहीण आणि सर्वांत धाकटा कर्ट. वडील बांधकामावर क्रेन चालवत. कर्ट सोळा वर्षांचे असताना कामाच्या जागी झालेल्या अपघातात वडील गेले. या वयातला मुलगा दुःख बोलून दाखवत नाही, ते तो कशात तरी ओततो. कर्ट यांनी ते कुस्तीत ओतले.

शिक्षण घेत असताना त्यांनी महाविद्यालयीन राष्ट्रीय स्पर्धेत १९९० आणि १९९२ अशी दोनदा वजनदार गटाची विजेतेपदे मिळवली. १९९५ मध्ये ते जगज्जेते झाले. त्यांचे मार्गदर्शक डेव्ह शुल्त्झ हे स्वतः ऑलिम्पिक विजेते होते. जानेवारी १९९६ मध्ये त्यांची गोळी घालून हत्या झाली. आधी वडील गेले आणि आता वस्तादही गेले. ऑलिम्पिक अवघ्या सहा महिन्यांवर आले होते.

मोडलेली मान आणि सुवर्णपदक

त्याच वर्षी एका लढतीत कर्ट डोक्यावर आपटले. मानेच्या दोन मणक्यांना तडे गेले आणि मणक्यांमधल्या चकत्या सरकल्या. असे दुखणे असलेल्या माणसाला आपण मान हलवू देत नाही. कर्ट यांनी मात्र मानेत बधिर करणारी इंजेक्शने घेऊन निवड चाचणी दिली आणि ते संघात आले.

अटलांटा ऑलिम्पिकमध्ये १०० किलो फ्रीस्टाइल गटाच्या अंतिम लढतीत समोर इराणचे अब्बास जदीदी होते. जादा वेळ देऊनही गुण १-१ असे बरोबरीतच राहिले. निर्णय पंचांकडे गेला. पंचांनी कर्ट यांचा हात वर केला आणि हा धिप्पाड मल्ल मॅटवर गुडघे टेकून लहान मुलासारखा रडला.

येथे क्षणभर थांबू या. या प्रसंगातून आपण सहसा काय शिकतो? दुखणे अंगावर काढावे, थांबू नये, तक्रार करू नये. पदक मिळाले म्हणून ही शिकवण खरी वाटते. कर्ट यांच्या मनावरही ती कोरली गेली असणार. पुढे त्यांचे सर्वांत मोठे नुकसान याच शिकवणीने केले. ज्या गुणाने माणूस मोठा होतो, तोच गुण विवेकाची साथ सुटली की त्याला खड्ड्यात नेतो.

चिठ्ठीवर आलेले व्यसन

१९९८ मध्ये कर्ट व्यावसायिक कुस्तीत आले. टीव्हीवर दिसणारी ही कुस्ती म्हणजे खेळ आणि नाटक यांचे मिश्रण आहे. कोण जिंकणार हे आधी ठरलेले असते, पण उंचावरून आपटणे खरे असते. हाडे खरी असतात आणि वेदनाही खरी असते. शिवाय या खेळाला सुट्टीचा हंगाम नसतो. आज या शहरात लढायचे आणि उद्या त्या शहरात. नोव्हेंबर १९९९ मध्ये कर्ट पडद्यावर आले आणि वर्षभराच्या आत, ऑक्टोबर २००० मध्ये, त्या कंपनीचे सर्वोच्च विजेतेपद त्यांच्याकडे होते.

मान मात्र जुनीच होती. ती पुन्हा पुन्हा दुखावली. २००३ मध्ये शस्त्रक्रिया करावी लागली. वेदनेसाठी डॉक्टरांनी व्हायकोडिन नावाच्या गोळ्या लिहून दिल्या. या गोळीत अफूच्या कुळातले औषध असते. त्याच वर्षी त्यांच्या एकुलत्या एका बहिणीचा हेरॉइनच्या अतिसेवनाने मृत्यू झाला. हेरॉइनही त्याच कुळातले. म्हणजे हा पदार्थ काय करतो, हे या घराने डोळ्यांनी पाहिले होते. तरीही भावाच्या हातातली बाटली सुटली नाही. कारण ती औषधाच्या दुकानातून आली होती, तिच्यावर डॉक्टरांची सही होती, आणि कर्ट यांना नशा करायची नव्हती, त्यांना उद्या लढायचे होते.

कर्ट यांनी पुढे मुलाखतींत स्वतः सांगितले आहे की एक वेळ अशी आली, जेव्हा ते दिवसाला ६५ गोळ्या घेत होते. पुढे त्यात चिंता कमी करणाऱ्या गोळ्या आणि दारू यांचीही भर पडली.

शरीरात नेमके काय घडते?

एकाच्या ६५ गोळ्या कशा होतात, हे समजून घेतले तर व्यसनी माणसाविषयीचा आपला राग बराच कमी होतो.

आपल्या मेंदूत वेदना शमवणारी काही द्रव्ये निसर्गतःच तयार होतात. अफूच्या कुळातली औषधे या द्रव्यांच्या जागा अडवतात. वेदना थांबते आणि सोबत एक गाढ निश्चिंतपणा येतो. काही दिवसांनी मेंदू या बाहेरच्या मदतीला सरावतो. कालची गोळी आज पुरत नाही, म्हणून दोन लागतात, मग चार. इकडे मेंदू स्वतःचे काम कमी करत जातो. अशा वेळी गोळी चुकली, तर अंग मोडून येते, घाम फुटतो, पोटात ढवळते, झोप उडते आणि मन सैरभैर होते. आता माणूस सुखासाठी गोळी घेत नसतो. तो फक्त त्रास टाळण्यासाठी घेत असतो.

मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी आहे, म्हणून मला हे कर्जासारखे दिसते. पहिले कर्ज गरजेपोटी काढले जाते. दुसरे पहिल्याचे व्याज भरण्यासाठी काढावे लागते. शेवटी सगळी मिळकत व्याजातच जाते आणि मुद्दल तसेच राहते. अशा माणसाला कोणी म्हणाले, “थोडी इच्छाशक्ती दाखव,” तर त्याचा काय उपयोग? इच्छाशक्ती कर्ट यांच्याकडे होती. तशी आपल्यापैकी किती जणांकडे असेल?

चार अटका

२००६ मध्ये कर्ट यांनी जुनी कंपनी सोडली आणि ते दुसऱ्या कंपनीत गेले. प्रसिद्धी होती, विजय मिळत होते. पण २००७ ते २०१३ या काळात नशेत वाहन चालवल्याच्या आरोपावरून पोलिसांनी त्यांना चार वेळा अटक केली. या काळात त्यांचा पहिला विवाहही मोडला.

प्रत्येक अटकेच्या बातमीनंतर लोकांना वाटले असेल, आता तरी हे थांबतील. पण व्यसन अपमानाने सुटत नाही. उलट अपमान जितका मोठा, तितकी तो विसरण्याची गरज मोठी. ज्यांच्या घरात दारू आहे, त्यांनी हे पाहिलेले असते. रात्री भांडण होते, सकाळी शपथ घेतली जाते आणि संध्याकाळी पुन्हा तेच. शपथ खोटी नसते. शपथ घेणारा एकटा असतो, ही खरी अडचण असते.

ऑगस्ट २०१३ मध्ये चौथी अटक झाली. त्यानंतर कर्ट यांच्या दुसऱ्या पत्नीने त्यांना स्पष्ट सांगितले की उपचार घे, नाहीतर हा संसार पुढे चालणार नाही. कर्ट व्यसनमुक्ती केंद्रात दाखल झाले. ज्याने आयुष्यात कधी पाठ टेकली नव्हती, त्याने अनोळखी माणसांच्या वर्तुळात बसून पाठ टेकल्याची कबुली दिली. मला एकट्याला हे जमत नाही, मला मदत हवी, अशी ती कबुली होती. त्या दिवसापासून त्यांची खरी कुस्ती सुरू झाली.

आता कर्ट व्यसनापासून दूर आहेत. ३१ मार्च २०१७ रोजी जुन्या कंपनीने त्यांना आपल्या सन्मानितांच्या यादीत सामील करून घेतले. एप्रिल २०१९ मध्ये त्यांनी शेवटची लढत दिली. व्यसनातून बाहेर पडणाऱ्यांना दररोज आधार मिळावा म्हणून त्यांनी एक मोबाईल ॲप सुरू करण्यातही पुढाकार घेतला. शरीराने मात्र आपला हिशोब चुकता करून घेतला. २०२२ मध्ये त्यांना दोन्ही गुडघे बदलून घ्यावे लागले. जुन्या चुकांचे परिणाम सगळेच पुसले जात नाहीत. पण आजचा दिवस शुद्ध ठेवता येतो.

सगळ्यांच्या वाट्याला इतका वेळ येत नाही, हेही लक्षात ठेवू. कर्ट यांचे सहकारी एडी ग्युरेरो यांनी व्यसन सोडले होते, त्याला चार वर्षे झाली होती. नोव्हेंबर २००५ मध्ये वयाच्या अवघ्या ३८ व्या वर्षी हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. म्हणून “पुढच्या महिन्यात बघू” हे वाक्य व्यसनाच्या बाबतीत फार महाग पडते.

या जीवनकथेतून घ्यायचे चार बोध

पहिला बोध : व्यसन हे दुबळेपणाचे लक्षण नाही. ऑलिम्पिक विजेत्याला जे झाले, ते कोणालाही होऊ शकते. व्यसन हा आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. आजाऱ्याला आपण शिव्या देत नाही. त्याला दवाखान्यात नेतो आणि पथ्यही पाळायला लावतो. दया आणि शिस्त दोन्ही लागतात.

दुसरा बोध : वस्तादाशिवाय कुस्ती नाही. आपल्या तालमीत कोणी एकट्याने पहिलवान होत नाही. लढायला जोड लागते आणि शिकवायला वस्ताद लागतो. व्यसनमुक्तीचेही तसेच आहे. १९३५ मध्ये अमेरिकेतल्या ॲक्रन गावी एक शेअर व्यावसायिक आणि एक डॉक्टर, दोघेही दारूत बुडालेले, एकमेकांशी मोकळेपणाने बोलले. त्या बोलण्यातून अल्कोहोलिक्स अनॉनिमस ही संघटना उभी राहिली. आज तिच्या सभा आपल्याकडेही होतात. एक जण आपली गोष्ट सांगतो, बाकीचे ऐकतात. कोणी उपदेश करत नाही. हा सत्संगच नव्हे काय?

महाराष्ट्रात डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. त्यासाठी पु. ल. आणि सुनीता देशपांडे यांनी मोठे साहाय्य केले. तेथे ३५ दिवसांचा निवासी उपचार असतो. आपल्याला विशेष वाटावे असे म्हणजे, पूर्वी स्वतः व्यसनात असलेले अनेक जण तेथे आज इतरांना सावरायला मदत करतात. काल जो चितपट झाला होता, तोच आज दुसऱ्याला हात देऊन उठवतो.

तिसरा बोध : पहिले दिवस कडू असतात, हे आधीच माहीत असावे. भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायात सुखाचे तीन प्रकार सांगितले आहेत. एक सुख आरंभी विषासारखे वाटते आणि शेवटी अमृत ठरते. दुसरे आरंभी अमृतासारखे वाटते आणि शेवटी विष ठरते. व्यसन आणि व्यसनमुक्ती यांचे याहून नेमके वर्णन सापडणे कठीण आहे. व्यसन सोडतानाच्या पहिल्या आठवड्यांत देह आणि मन दोन्ही बंड करतात. त्या वेळी “आपला मार्ग चुकला” असे वाटून मागे फिरू नये. कडू लागते याचा अर्थ औषध काम करू लागले आहे.

मात्र एक सावधगिरी अवश्य बाळगा. फार दिवसांची दारू किंवा झोपेच्या, चिंतेच्या गोळ्या घरच्या घरी एकदम बंद करू नका. त्यामुळे झटके येऊ शकतात आणि जिवालाही धोका होऊ शकतो. संकल्प आपण करावा, पण सोडण्याची पद्धत डॉक्टरांनी ठरवावी.

चौथा बोध : झाकले की वाढते. हा बोध मी माझ्या घरात शिकलो, म्हणून तो थोडा सविस्तर सांगतो.

सदर बाजारातली एक वही

आमचे घर रायपूरच्या सदर बाजारात आहे. ज्यांनी हा भाग पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. सराफी पेढ्या, कापडाची दुकाने, अरुंद रस्ता आणि संध्याकाळी पाय ठेवायला जागा नाही, असा हा बाजार आहे. येथे प्रत्येक जण प्रत्येकाला ओळखतो आणि म्हणूनच प्रत्येक जण आपापले काहीतरी झाकून ठेवतो.

माझे काका एका पेढीवर हिशोब लिहितात. दिवसभर गादीवर मांडी घालून बसणे, मान खाली. कंबरदुखीसाठी डॉक्टरांनी त्यांना काही दिवसांपुरत्या ट्रॅमाडॉलच्या गोळ्या दिल्या होत्या. हीसुद्धा अफूच्या कुळातलीच गोळी आहे. दिवस संपले, गोळ्या संपल्या नाहीत. चिठ्ठीशिवाय त्या मिळवायची सोय त्यांनी कुठेतरी लावून घेतली. भारत सरकारने २०१८ मध्ये या औषधावर अमली पदार्थांच्या कायद्याखाली नियंत्रण आणले आहे, हे मला खूप नंतर समजले.

मी वाणिज्य शिकतो म्हणून घरखर्चाची वही माझ्याकडे. काकांनी मागितलेले पैसे मी “किरकोळ खर्च” या नावाखाली मांडत असे. आजी पाहुण्यांना सांगायची, “त्याची कंबर दुखते, म्हणून तो झोपलाय.” काकू पेढीवर फोन करून सांगायची, “आज ताप आहे.” आम्ही कोणी वाईट नव्हतो. आम्ही घराची अब्रू राखत होतो.

वर्षअखेरीला बेरीज करताना मी किरकोळ खर्चाचा आकडा पाहिला आणि माझा हात थांबला. तो आकडा माझ्या कॉलेजच्या वर्षाच्या फीपेक्षा मोठा होता. त्या दिवशी मला कळले की गोळ्या काका घेत होते, पण ती खोटी नोंद माझ्या हातची होती.

ती वही मी काकूंसमोर ठेवली. त्या बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, “मला वाटत होतं, फक्त मलाच माहीत आहे.” घरातल्या प्रत्येकाला हेच वाटत होते. दुसऱ्या दिवशी काकूंनी १४४४६ या क्रमांकावर फोन केला. व्यसनमुक्तीसाठी असलेला हा राष्ट्रीय निःशुल्क क्रमांक आहे. त्यांनी सरकारी रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात जायला सुचवले. काका पहिल्यांदा चिडले, दोन दिवस जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी काकू शांतपणे म्हणाल्या, “यापुढे पेढीवर मी खोटं सांगणार नाही. दवाखान्यात यायचं असेल तर मी सोबत येते.” ते आले.

गोष्ट येथे सुखान्त झाली असे मी लिहिले, तर ते पुन्हा “किरकोळ खर्च” लिहिण्यासारखे होईल. उपचार सुरू झाल्यावर पाच महिन्यांनी दिवाळी आली. धनत्रयोदशीच्या आधी सराफ्यात रात्री उशिरापर्यंत काम चालते. त्या गर्दीत काकांनी एकदा गोळी घेतली. पण त्याच रात्री घरी येऊन, चप्पल काढायच्या आधी, त्यांनी ते काकूंना सांगितले. उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी नंतर आम्हाला समजावले की घसरणे हा या आजाराचा भाग आहे. घसरल्यावर किती लवकर सांगितले, याला महत्त्व आहे. इतक्या वर्षांत काकांनी पहिल्यांदा स्वतःहून खरे सांगितले होते. आमच्या घरची दिवाळी त्या रात्रीच झाली.

आता वहीत “काकांचे औषधपाणी” असा वेगळा रकाना आहे. तो कोणीही उघडून पाहू शकतो.

आपल्या आजूबाजूला किती जण आहेत?

२०१९ मध्ये केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयाने एम्सकडून करवून घेतलेले देशव्यापी सर्वेक्षण प्रसिद्ध झाले. त्यानुसार भारतात सुमारे १६ कोटी लोक दारू पितात. दारूचे प्रमाण जास्त असलेल्या राज्यांत आपले छत्तीसगड आहे आणि गोवाही आहे. अफूच्या कुळातले पदार्थ वापरणाऱ्यांची संख्या सव्वादोन कोटींच्या आसपास आहे. आणि सर्वांत विचार करायला लावणारी बाब अशी की दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या ३८ जणांपैकी केवळ एकाला काही ना काही उपचार मिळतो. बाकीचे ३७ कोठे आहेत? ते घरांत आहेत. कंबर दुखते म्हणून झोपलेले आहेत, तापाने आजारी आहेत, गावी गेलेले आहेत. त्यांच्यापैकी एखादा कदाचित तुमच्या शेजारच्या खोलीत आहे.

कुटुंबीयांसाठी थोडे व्यावहारिक मार्गदर्शन

१. बोलायचे असेल तेव्हा माणूस नशेत नसताना बोला. सकाळची वेळ चांगली.

२. “तू असा आहेस” असे म्हणू नका. “काल असे घडले, मला भीती वाटली” असे म्हणा. घटनेबद्दल बोललात तर समोरचा ऐकू शकतो. त्याच्या स्वभावावर बोट ठेवलेत तर तो भांडतो.

३. त्याच्या वतीने खोटे बोलणे थांबवा. त्याची उधारी फेडणे, कामावर निमित्त सांगणे, ही मदत नव्हे. यामुळे आजाराला आणखी मुदत मिळते.

४. धमकी देऊ नका. जे खरोखर करणार असाल, तेवढेच सांगा आणि सांगितलेले करा.

५. हिंसा होत असेल, तर आधी स्वतःची आणि मुलांची सुरक्षितता पाहा. सहनशीलतेच्या नावाखाली मार खाणे हा धर्म नाही.

६. स्वतःसाठीही आधार शोधा. मुक्तांगणमध्ये व्यसनी व्यक्तींच्या पत्नींसाठी सहचरी नावाचा गट आहे. अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या बरोबरीने कुटुंबीयांसाठी अल-अनॉन आहे. व्यसन एकाला असते, थकवा सगळ्या घराला येतो.

७. घरात वेदनेच्या, झोपेच्या किंवा खोकल्याच्या औषधाची चिठ्ठी आली, तर डॉक्टरांना दोन प्रश्न नक्की विचारा : हे किती दिवस घ्यायचे? आणि याची सवय लागते का?

चिंतनासाठी प्रश्न

या आठवड्यात रोज दहा मिनिटे शांत बसा. डोळे मिटून श्वासाकडे लक्ष द्या आणि मग खालीलपैकी एका प्रश्नावर प्रामाणिकपणे विचार करा. शक्य असेल तर उत्तर वहीत लिहा.

• अशी कोणती गोष्ट आहे, जी मी “फक्त दुखणे थांबावे म्हणून” घेतो, पण आता ती घेतल्याशिवाय राहवत नाही? ती गोळीच असेल असे नाही. तंबाखू, मोबाईल, राग, लोकांची वाहवा, काहीही असू शकते.

• माझ्या घराच्या वहीत “किरकोळ खर्च” या नावाखाली काय दडले आहे?

• मी शेवटचे कधी कोणाला म्हणालो, “मला हे एकट्याला जमत नाही”?

• माझ्या ओळखीत कोणी घसरले, तर ते निर्धास्तपणे माझ्याकडे येऊन सांगतील का? नसतील, तर माझ्यात काय बदलायला हवे?

शेवटच्या प्रश्नावर अधिक वेळ थांबा. आपण साधक आहोत, नियम पाळतो, याचा आपल्याला नकळत अभिमान होतो. मग घसरलेला माणूस आपल्यापासूनच सर्वांत आधी तोंड लपवतो. ज्या सत्संगात पडलेल्याला यायला लाज वाटते, तेथे काहीतरी उणे आहे.

आजचा संकल्प

कुस्तीत पाठ टेकली की डाव संपतो. जीवनाच्या आखाड्यात मात्र “माझी पाठ टेकली आहे” असे खऱ्या मनाने कोणाला तरी सांगितले, की डाव सुरू होतो. कर्ट अँगल यांना हे उमगायला चार अटका लागल्या. आमच्या घराला एक वही लागली. तुम्हाला इतके थांबण्याची गरज नाही.

आज रात्री झोपण्यापूर्वी एका माणसाला खरे सांगा. स्वतःविषयी असेल तर स्वतःविषयी, घराविषयी असेल तर घराविषयी. सांगण्यासारखे जवळचे कोणीच नसेल, तर १४४४६ हा क्रमांक लावा. आणि तुमच्याकडेच कोणी सांगायला आले, तर उपदेश करू नका. पाण्याचा पेला पुढे करा आणि ऐका.

ईश्वर आपणा सर्वांना खरे बोलण्याचे बळ आणि खरे ऐकण्याची माया देवो.